अस्तर

या पानावर येणाऱ्या वाचकांना माझी खोड आता चांगलीच ठाऊक झाली आहे. एखादा शब्द हाती लागला, की त्याचे गोत्र, आजोळ, सासर सारे शोधून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. संपादकांनी बजावले होते, "दिवाळी अंक आहे, जरा खमंग काहीतरी द्या." चकली-कडबोळ्यांच्या कुळकथेवर लिहावे, असे मनात होतेही. परंतु यंदाच्या श्रावणात आमच्या घरी जे घडले, त्यामुळे एक निराळाच शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे. तो उतरवल्यावाचून दुसरे काही लिहवेल असे दिसत नाही.

शब्द तसा अगदी घरगुती आहे : अस्तर. फारसीतून आपल्याकडे आला आणि शिंप्याच्या दुकानातून थेट आपल्या कपाटात जाऊन बसला. अस्तराची गंमत अशी, की ते धड असेपर्यंत त्याची कोणी विचारपूस करीत नाही. माझ्या लग्नातला कोट बाहेरून आजही देखणा दिसतो. पण आतले अस्तर विरल्यामुळे बाहीत हात घातला, की तो भलतीकडेच निघतो. तर असेच एक अस्तर आपल्या रक्तवाहिन्यांनाही असते, आणि ऑपरेशनच्या वेळी शिरेतून किती पाणी चढवले जाते याचा त्या अस्तराशी संबंध पोचतो, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले. आधी कळायला हवे होते.

थोडे मागचे सांगतो. २००७ साली माझ्या वडिलांचे, नानांचे, पोटाचे मोठे ऑपरेशन झाले. कोणत्या रुग्णालयात, ते सांगण्यात अर्थ नाही. ऑपरेशन उत्तम झाले, असे सर्जननी बाहेर येऊन सांगितले, आणि ते खरेही होते. पण दुसऱ्या दिवसापासून नाना सुजू लागले. आधी पापण्या, मग हात, मग पाय. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा असा झाला, की माझ्या धाकट्या मावशीने खाटेवरचा नंबर पुन्हा वाचून खात्री करून घेतली. त्यांच्या बोटात आजोबांची अंगठी होती. ती साबण लावून निघेना, तेल लावून निघेना. शेवटी कापून काढली. त्या रात्री छातीत पाणी झाले आणि त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. नाना वाचले. चोवीस दिवसांनी घरी आले. पण आमच्या इमारतीचे दोन जिने पूर्वीसारखे एका दमात ते पुन्हा कधी चढले नाहीत.

यात माझा वाटा काय, तेही लिहिले पाहिजे. बाटली संपत आली, की व्हरांड्यातून सिस्टरच्या मागे धावणारा मी होतो. "अजून एक लावा, पैशाची काळजी करू नका," असे म्हणणाराही मीच होतो. नळीतून थेंब पडताना दिसला, की मला वाटे, उपचार चालू आहेत. थेंब थांबला, की वाटे, यांनी नानांना वाऱ्यावर सोडले. डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून बाटल्या लावल्या, असे मी म्हणत नाही. ते त्यांच्या शास्त्राप्रमाणे चालले होते. पण माझी घाई त्या शास्त्राच्या बाजूने उभी होती, एवढे खरे.

आपल्याकडे सलाइनवर लोकांची श्रद्धाच तशी आहे. आमचे मामा संगमेश्वराकडे असतात. कोणीही आजारी पडले, की त्यांचा पहिला प्रश्न "ताप किती?" असा नसतो, "सलाइन किती लावल्या?" असा असतो. लावणी आटोपली, अंग मोडून आले, की "ताकदीची बाटली" लावून घेणारी मंडळी गावोगाव आहेत. मी एकदा हिशेब मांडून पाहिला. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. या दिवाळीत तुमच्या बशीत पडणाऱ्या बेसनाच्या एका लाडवात त्याहून अधिक ताकद आहे, शिवाय त्याला सुई टोचावी लागत नाही. आणि साध्या सलाइनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ दिवसाचा शिधा झाला.

यंदा आईची पाळी आली. वय चौऱ्याहत्तर, मोठ्या आतड्यात गाठ. ऑपरेशन ठरले. त्याआधी भुलीच्या डॉक्टरांना भेटून यायचे होते. 'भूल देणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही मनात घेऊनच मी त्या खोलीत शिरलो. खुर्चीतल्या डॉक्टरीणबाई एकदम उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही?"

बारावी विज्ञानाला मराठी हा विषय घेणारी मुले म्हणजे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांची सावत्र लेकरे. तासाला बसतात, पण डोळे भौतिकशास्त्रावर. ही मुलगी मात्र निबंधाची वही वेळेवर देणारी, आणि मी लाल शाईने काढलेल्या ऱ्हस्वदीर्घांवर वाद घालणारी. आता तिला 'तू' म्हणावे की 'आपण', हा पेच मला पडला. आईने तो क्षणात सोडवला. "बाळ, माझा हा मुलगा घाबरट आहे. जे सांगायचं ते मला सांग," ती म्हणाली.

तिने आईला सांगितले, की ऑपरेशनच्या आधी सहा तास खाणे बंद. पण पाणी आणि कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालेल. माझी ताई डोंबिवलीहून आली होती. ती दचकलीच. तिच्या बाळंतपणाच्या वेळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात घालू दिला नव्हता. "तेव्हाचा नियम तसाच होता," डॉक्टरीण म्हणाली, "आता कळलंय, की साधं पाणी पोटातून लवकर पुढे जातं. माणूस सुकलेला टेबलावर आला, की आम्हाला शिरेतून जास्त भरावं लागतं. त्यापेक्षा तोंडाने प्यायलेलं बरं." आईची तक्रार वेगळीच होती. बिनदुधाचा चहा म्हणजे तिच्या मते शिक्षाच.

मी नानांची गोष्ट सांगितली. अंगठीपर्यंत आलो आणि थांबलो. तिने वही पुढे ओढून एक नळी काढली आणि नळीच्या आतल्या बाजूने बारीक बारीक लव काढली, मखमलीसारखी. म्हणाली, "सर, गोष्ट या लवेची आहे."

त्यानंतर आठवडाभर मी जे वाचले, तिला फोन करून जे विचारले, आणि एका संध्याकाळी ती आईला पाहायला घरी आली असताना पवई तलावाच्या कडेने फिरताना जे बोललो, ते माझ्या भाषेत असे आहे.

शिरेतून खारे पाणी देण्याची विद्या पटकीने शिकवली. १८३१-३२ साली इंग्लंडात पटकीची साथ आली होती. ओशॉनसी नावाच्या एका तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून दाखवले, की त्यातले पाणी आणि क्षार कमालीचे घटलेले आहेत. ते परत घालायला हवेत. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लॅटा या डॉक्टराने ते प्रत्यक्षात आणले. त्याची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. अर्ध्या तासात तिच्या शिरेत सुमारे सहा पाइंट पाणी गेले. खोल गेलेले डोळे वर आले, चेहऱ्यावर रंग चढला, ती बोलू लागली. लॅटा तिला दुसऱ्याच्या हवाली करून निघून गेला. तिला पुन्हा जुलाब सुरू झाले आणि काही तासांत ती गेली. पुढच्या रोग्यांना त्याने पुन्हा पुन्हा पाणी दिले आणि त्यांतले काही वाचले. किती द्यावे आणि कधी थांबावे, हा प्रश्न असा पहिल्याच दिवशी जन्माला आला होता. ओशॉनसी पुढे १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला, कलकत्त्याला रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास यांना जोडणाऱ्या तारायंत्राचे काम त्यानेच उभे केले. सलाइन आणि तार, दोन्हींच्या मुळाशी एकच गृहस्थ! पवाडा त्याच्यावर कोणी रचला नाही, याचे आश्चर्य वाटते.

पटकीत पाणी खरोखरच वाहून गेलेले असते. तिथे ते भरून काढणे म्हणजे जीवदान. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यू चारच्या खाली आणले. त्या बाटलीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही, हे यावरून ध्यानात यावे.

ऑपरेशनच्या टेबलावरचा मामला मात्र निराळा. तिथे रक्त किती गेले ते दिसते, मोजता येते. पण मागच्या शतकाच्या मध्यानंतर असा एक विचार रूढ झाला, की पोट उघडले म्हणजे अंगातले पुष्कळ पाणी कुठल्याशा 'तिसऱ्या जागी' जाऊन अडकते, आणि म्हणून दिसते त्याहून कितीतरी अधिक भरले पाहिजे. ती तिसरी जागा पुढे कोणाला नीट सापडली नाही. बाटल्या मात्र चालू राहिल्या. रोगी ऑपरेशननंतर तीन-चार किलो वजन वाढवून बाहेर येई, आणि ते स्वाभाविक मानले जाई.

मग पाणी जात होते कुठे? इथे ती लव येते.

रक्तवाहिनीची आतली बाजू म्हणजे पेशींचा एकेरी थर, नीट बसवलेल्या फरशीसारखा. शाळेत आपण इथवर शिकलो. पण त्या फरशीवर आणखी एक गालिचा असतो. साखरेच्या लांबलचक साखळ्या आणि प्रथिने यांचा तो बनलेला असतो. जाडी म्हणाल, तर डोक्यावरच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. इतका नाजूक, की सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशी तयार करतानाच तो झडून जाई आणि शास्त्रज्ञांना दिसे ती नुसतीच फरशी. १९६६ मध्ये लुफ्ट या शास्त्रज्ञाने एक विशिष्ट तांबडे रंगद्रव्य वापरून तो नेमका पकडला. पाश्चात्त्यांनी त्याला ग्लायकोकॅलिक्स असे नाव दिले आहे. अर्थ 'गोड कोश'. मला 'अस्तर' हाच शब्द पुरे वाटतो.

हे अस्तर करते काय? पुष्कळ करते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आणि गोठवणाऱ्या कणांना भिंतीला चिकटू देत नाही. रक्त किती जोराने वाहते आहे, ते त्या लवेला जाणवते आणि त्याप्रमाणे वाहिनी सैल होते. आणि आपल्या गोष्टीत महत्त्वाचे म्हणजे, अल्ब्युमिन नावाचे प्रथिन ते धरून ठेवते. स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये सांगितले होते, की रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने त्याला आत ओढतात. या रस्सीखेचीवर सारे चालते. ते खरेच आहे. फक्त गेल्या तीस-चाळीस वर्षांत असे ध्यानात आले, की ही रस्सी नळीच्या भिंतीपाशी नव्हे, तर त्या लवेच्या दोन बाजूंना ताणलेली असते. लव शाबूत, तर पाणी आत. लव झडली, तर अल्ब्युमिन बाहेर, आणि त्याच्या मागोमाग पाणी.

लव झडते कशाने? मोठ्या जखमेने, रक्तस्रावाने, जंतुदोषाने, वाढलेल्या साखरेने. ऑपरेशन म्हणजे एक प्रकारची जखमच; तेव्हा थोडी झड अटळ. पण अति पाणी भरले, तरीही झडते, असे दिसून आले. शिरांतून पाणी धो-धो आले, की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणले गेले, की ते एक संप्रेरक सोडतात. त्याचे काम मूत्रपिंडाला सांगण्याचे, "बाबा, जास्त झालंय, काढून टाक." पण तेच संप्रेरक लवेवरही उठते. २०१४ मध्ये म्यूनिकच्या भूलतज्ज्ञांनी प्रत्यक्ष रोग्यांत पाहिले, की भरलेल्या अंगात आणखी द्रव घातले, तेव्हा हे संप्रेरक वाढले आणि लवेचे तुकडे रक्तात तरंगताना सापडले.

आता दुष्टचक्र पाहा. पाणी अधिक दिले, म्हणून लव झडली. लव झडली, म्हणून पाणी बाहेर पाझरले. पाझरले, म्हणून रक्तदाब उतरला. उतरला, म्हणून आणखी एक बाटली. आणि ती लावायला सिस्टरच्या मागे धावणारा मराठीचा प्राध्यापक.

आम्ही तेव्हा तलावाच्या कडेला उभे होतो. समोर जलपर्णीचा हिरवा पट्टा, पलीकडे पद्मावती देवीच्या देवळाची बाजू. हा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईला पाणी पाजायला बांधला, आणि थोड्याच काळात त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. भरला, की सांडव्यावरून निघालेले पाणी मिठी नदीला मिळते. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ती मिठी कुठे कुठे शिरली, ते उपनगरातल्या कोणाला सांगायला नको. मी म्हटले, "म्हणजे काठावरची लव्हाळी न् खाडीतली तिवरं उपटली, की जे मिठीचं होतं, तेच."

"उपमा छान आहे सर," ती म्हणाली, "पण पुरती लागू पडत नाही. मिठीचा पूर ओसरला, की पाणी समुद्राला जातं. अंगातलं बाहेर पाझरलेलं पाणी आल्या वाटेनं रक्तात परत येत नाही. लसिकेच्या बारीक वाटांनी हळूहळू येतं, दिवसच्या दिवस लागतात. तोवर आतडं सुजलेलं, टाका ओला, फुप्फुस जड." बारावीतही ती अशीच माझ्या उपमांना नख लावीत असे.

मला वाटले, मग सोपे आहे : कमी पाणी द्या. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये हेच करून पाहिले. आतड्याच्या ऑपरेशनच्या एका गटाला नेहमीसारखे, दुसऱ्याला मोजके पाणी. पहिल्या गटात शेकडा ५१ जणांना काही ना काही उपद्रव झाला, दुसऱ्यात ३३ जणांना. मी हा आकडा वाचून विजयी मुद्रेने तिला फोन केला. तिने शांतपणे दुसरा सांगितला. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने सात देशांतल्या सुमारे तीन हजार रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. अगदी हात आखडून पाणी दिलेल्यांत मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण शेकडा ८.६ निघाले, सढळ हाताने दिलेल्यांत ५. आणि वर्षभराने धडधाकट असण्यात दोन गटांत फरक नाही. "म्हणजे कोरडं ठेवणं हाही धर्म नाही," ती म्हणाली. "आणि या लवेचंही, सर, प्राण्यांत नि प्रयोगशाळेत पुष्कळ दिसलंय, पण अमुकच पद्धतीनं पाणी दिलं, म्हणजे लव टिकेल आणि म्हणून रोगी बरा होईल, असं माणसांत सिद्ध झालंय असं लिहू नका बरं का." मी लिहिलेले नाही.

पाणी कोणते, हाही एक वाद आहे. 'नॉर्मल' सलाइन हे नाव ज्याने पाडले, त्याला शब्दांचा दोष कोणीतरी दाखवायला हवा होता. त्यात मिठातला क्लोराइड रक्तातल्यापेक्षा दीडपट असतो. पुष्कळ दिले, की रक्त आम्लाकडे झुकते. म्हणून टेबलावर बहुधा दुसरी बाटली असते, जिला सिस्टर 'आर एल' म्हणतात. रिंगर लॅक्टेट. यातला रिंगर लंडनचा. १८८०च्या सुमारास तो बेडकाचे हृदय खारट पाण्यात धडधडत ठेवीत होता. एकदा ते फारच छान चालले. चौकशी करता कळले, की साहाय्यकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी सरळ नळाचे पाणी वापरले होते. त्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते! लॅक्टेटची भर १९३० च्या दशकात हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने घातली. आळशी नोकराने लावलेला शोध म्हणून मला तो फार आवडला. पिठाच्या जातीची दाट द्रावणेही मधल्या काळात फार गाजली. नळीत टिकतात, पाझरत नाहीत, अशी त्यांची कीर्ती. पण गंभीर रोग्यांत ती मूत्रपिंडाला बाधतात, असे निघाल्यावर युरोपात त्यांच्यावर आधी निर्बंध आणि २०२२ मध्ये स्थगिती आली.

मग एका विशिष्ट माणसाला, एका विशिष्ट घटकेला, पाणी हवे आहे की नको, हे ओळखायचे कसे? याचे एक सुंदर उत्तर आपल्या परळचे आहे. टाटा रुग्णालयातल्या डॉ. शीला मायात्रा, डॉ. जिगीषु दिवातिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. श्वासयंत्रावरच्या माणसाच्या छातीत यंत्र हवा ढकलते, तशी त्याची नाडी श्वासागणिक किंचित वरखाली होते. वाहिन्या भरलेल्या नसतील, तर हा झोका मोठा. परंतु फुप्फुसाच्या काळजीपोटी हल्ली श्वास लहान देतात, आणि लहान श्वासात झोका समजत नाही. यांनी केले काय, तर एकच मिनिट श्वास थोडा मोठा करून पाहिला. दर किलो वजनामागे सहा मिलिलिटरचा आठ. तेवढ्यात झोका ठराविक मापापेक्षा वाढला, तर पाणी उपयोगी पडेल. नाही वाढला, तर उगाच भरू नका. बाटली लावून मग पस्तावण्याऐवजी आधी विचारून घेणे झाले. दुसरी युक्ती त्याहून घरगुती. पडल्या रोग्याचे पाय वर उचलायचे. पायातले पावपाव लिटर रक्त हृदयाकडे येते. हृदयाने त्याचे चीज केले, तर बाहेरचे पाणीही कामी येईल. पाय खाली केले, की उसने परत!

डेंग्यूचेही जाता जाता सांगतो, कारण पावसाळा संपता संपता आपल्या प्रत्येक इमारतीत त्याचा एखादा रोगी असतोच आणि जिन्यात एकच चर्चा चालते : प्लेटलेट किती? या विषाणूचे एक प्रथिन ही लव कुरतडते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ताप उतरू लागतो, तेव्हाच पाणी वाहिन्यांबाहेर पाझरण्याचा धोका अधिक. त्या दोन दिवसांत पाणी कमी पडले तरी घात, आणि धास्तीने अति भरले तरी घात. तेव्हा आकडा विचारावा, पण पोटात दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, लघवी होते का, हेही विचारावे. आणि यांतले काही असेल, तर डॉक्टरकडे न्यायला सकाळची वाट पाहू नये.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे आईने नाक मुरडत कोरा चहा घेतला. हातातल्या दोन सोन्याच्या पाटल्या काढून ताईकडे दिल्या. साडेतीन तासांनी तिला बाहेर आणले. ताईने पहिल्या नजरेत बाटली मोजली. एकच, आणि तीही मुंगीच्या पावलाने ठिबकणारी. संध्याकाळी लघवी कमी झाली, म्हणून सिस्टरने वर कळवले. डॉक्टरीण आली, आईचे पाय वर उचलून यंत्राकडे पाहत उभी राहिली आणि काही न लावता निघून गेली. ताई माझ्यावर उखडली. "तुझी विद्यार्थिनी आहे म्हणून गप्प बसलायस! नानांना कशा एकामागून एक लावत होते!" म्हणाली, आणि वाक्य पुरे होण्याआधीच गप्प झाली. मामांचा फोन आला. "किती लावल्या?" मी खोटे सांगितले, चार. म्हाताऱ्या माणसाला उगाच घोर कशाला!

पण रात्री व्हरांड्यात बसलो, तेव्हा माझीही श्रद्धा डळमळली. खोलीत जाऊन मी तो थेंब पाहत राहिलो. दोन थेंबांत केवढे अंतर! सतरा वर्षे वर्गात उभे राहून शिकवल्यानंतरही माझ्या तोंडावर तेच वाक्य आले होते : अजून एक लावा. सिस्टर समोरच होती. मी ते गिळले, आणि तेवढ्यापुरता फोन करून डॉक्टरीणला विचारले. ती जागीच होती. म्हणाली, "सर, ऑपरेशननंतर शरीर स्वतःच पाणी धरून ठेवतं. पहिल्या रात्री लघवी थोडी कमी होणं साहजिक आहे. हात गरम आहेत ना? बोलतायत ना? आकडे मला इथे दिसतायत. लागेल तेव्हा मी देईन. देणार नाही असं नाही." पहाटे चारला तिने खरोखरच पाव लिटर द्यायला सांगितले. का तेव्हा आणि का तेवढेच, ते मला कळले नाही. पण तिला कळले होते.

दुसऱ्या दिवशी आईने पाण्याचे घोट घेतले, तिसऱ्या दिवशी पेज. बाटली निघाली. चौथ्या दिवशी ती व्हरांड्यात चालली आणि सिस्टरच्या मराठीतल्या दोन चुका मला येऊन सांगितल्या.

पाचव्या दिवशी सकाळी तिने पाटल्या मागितल्या. ताईने पर्समधून काढल्या. माझे लक्ष आईच्या मनगटाकडे होते, आणि ताईचेही, हे मला तिच्याकडे न पाहताच कळले. पाटल्या सहज आत गेल्या.

"सैल झाल्यात की गं," आई हात हलवून पाहत म्हणाली, "इथलं जेवण काही खरं नाही."